मनाचे आडाखे : झाडीपट्टींतील दोन दाखले

मनुष्याचें मन अपुऱ्या पुराव्यावरून निर्णय कसा करतें, हा प्रश्न तर्कशास्त्राइतकाच जुना आहे. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत निष्कर्ष निश्चित असतो. सर्व मनुष्य मर्त्य, सॉक्रेटीस मनुष्य, म्हणून सॉक्रेटीस मर्त्य. परंतु संसारांत अशीं पक्कीं विधानें क्वचितच हातीं लागतात. आभाळ भरून आलें असतां वाळवण उचलावें कीं नाहीं, तान्ह्या मुलाचें अंग तापलें असतां वैद्यास रात्रींच बोलवावें कीं सकाळची वाट पाहावी, पायवाटेवर वाघाचा माग दिसला असतां पुढें जावें कीं परतावें, ह्या प्रश्नांना निश्चित उत्तर नसतें. आणि तरी उत्तर दिल्यावांचून चालत नाहीं. अशा वेळीं मन करतें तरी काय?

ह्याविषयीं विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, मन हें मूळचेंच संभाव्यतेचें गणित करणारें आहे. तें आपल्या नकळत शक्यता मोजतें, नवें लक्षण दिसतांच जुना अदमास सुधारतें, आणि अधिक संभाव्य असेल त्या बाजूस झुकतें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मनाला गणित मुळींच साधत नाहीं. तें ठळक खुणेला भुलतें आणि प्रमाणाचा विचार विसरतें. ह्या वादाचा निकाल प्रयोगशाळेंतील कोड्यांवरून लावण्याचा यत्न पुष्कळ झाला आहे. आम्हांस असें वाटतें कीं, ह्या कामीं फार मोलाचा पुरावा आपल्याच चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनमय जिल्ह्यांच्या अलीकडच्या इतिहासांत आहे, आणि तो कोड्यांचा नसून जीवनमरणाचा आहे. त्याचा येथें विचार करण्याचें योजिलें आहे.

१

प्रथम आपल्या पूर्वजांकडे वळूं. कारण हा वाद पश्चिमेकडून आयात झालेला आहे अशी समजूत करून घेणें बरोबर होणार नाहीं. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यानांत अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठीं विदर्भाकडे निघाला आहे आणि बाहुकाच्या वेषांतील नळ त्याचा रथ हांकीत आहे. वाटेंत एक बेहड्याचें झाड लागतें. ऋतुपर्ण त्याच्याकडे नुसती नजर टाकतो आणि दोन फांद्यांवर पानें किती व फळें किती तें सांगून मोकळा होतो. नळाचा त्यावर विश्वास बसत नाहीं. तो रथ थांबवून मोजणी करतो, आणि संख्या बरोबर निघते. तेव्हां राजा सांगतो कीं, मला संख्यानाची व फांशांची विद्या अवगत आहे. ही बेहड्याचीं फळें हेच त्या काळचे फांसे. द्यूत आणि गणती, म्हणजे दैव आणि प्रमाण, ह्यांचा असा एके ठिकाणीं केलेला विचार जगाच्या जुन्या वाङ्मयांत विरळा. संभाव्यतेच्या इतिहासकारांनींही ह्या कथेची दखल घेतली आहे. ह्या कथेंत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, राजाचा अदमास. आणि दुसरी, नळाची मोजणी. नळ मोजून पाहीपर्यंत राजाची विद्या आणि राजाची बढाई ह्यांत भेद करण्यास कांहींच साधन नव्हतें.

ह्यानंतरची पायरी नैयायिकांची. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथें अग्नि आहे, हें अनुमान धूर व अग्नि ह्यांच्या व्याप्तीवर उभें आहे. चार्वाकानें ह्या व्याप्तीवरच घाव घातला. सर्व धूर आणि सर्व अग्नि कोणीं पाहिले आहेत? मग लोकांचा व्यवहार चालतो कशावर? तर केवळ संभावनेवर, असें चार्वाकपक्षाचें उत्तर उदयनाचार्यांनीं न्यायकुसुमांजलींत मांडलें आहे. धूर पाहून मनुष्य विस्तवाकडे जातो तो निश्चयानें नव्हे, तर 'असण्याचा संभव आहे' एवढ्यावर. तेथें विस्तव सांपडला कीं तो आपल्या अंदाजास प्रमाण समजूं लागतो. मन संभाव्यतेवर चालतें, हें मत आपल्याकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इतक्या स्पष्टपणें मांडलें गेलें होतें, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. उदयनाचार्यांनीं ह्या मताचें खंडन केलें, आणि जें दिसत नाहीं तें नाहीं असें मानणाऱ्या चार्वाकाची थट्टाही केली. घराबाहेर पडल्यावर बायकामुलें दिसेनाशीं होतात. तेव्हां त्या बापड्यानें तीं नाहींशीं झालीं म्हणून रस्त्यांतच ऊर बडवून घ्यावा कीं काय? थट्टा बाजूस ठेविली तरी मूळ मुद्दा राहतोच. संभावना म्हणजे एका बाजूस अधिक झुकलेला संशय, हें उभय पक्षांस मान्य होतें. तो किती झुकला आहे, हें मोजण्याचें साधन मात्र दोघांपाशींही नव्हतें.

२

तें साधन युरोपांत निर्माण झालें. १६५४ सालीं पास्कल व फर्मा ह्यांच्या पत्रव्यवहारांत जुगाराच्या डावाची वांटणी कशी करावी ह्या प्रश्नावरून संभाव्यतेच्या गणिताचा पाया पडला. पुढें थॉमस बेझ नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें उलट प्रश्न विचारला. कारण ठाऊक असतां कार्याची शक्यता काढतां येते. परंतु कार्य दिसलें असतां कारणाची शक्यता कशी काढावी? बेझ १७६१ मध्यें वारला. त्याचा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस ह्यानें रॉयल सोसायटीकडे पाठविला व तो १७६३ सालच्या अंकांत प्रसिद्ध झाला. लाप्लास ह्यानें तीच विचारसरणी स्वतंत्रपणें वाढविली, आणि हें गणित म्हणजे शहाण्या माणसाच्या व्यवहारज्ञानाचेंच आंकड्यांतील रूप आहे, अशा आशयाचें मत १८१४ सालीं मांडलें. त्यानेंच निवडक गांवांच्या गणतीवरून साऱ्या फ्रान्सची लोकसंख्या अजमाविली होती. ऋतुपर्णानें दोन फांद्यांवर जें केलें तेंच हें, परंतु चूक किती असूं शकेल ह्याच्या हिशेबासह.

बेझच्या नियमाचें मर्म साधें आहे. लक्षण किती बोलकें आहे एवढें पाहून भागत नाहीं. तो आजार मुळांत किती जणांस होतो, हेंही पाहावें लागतें. ह्याला आपण पूर्वप्रमाण म्हणूं. १९७८ सालीं अमेरिकेंतील हार्व्हर्डच्या वैद्यकीय वर्तुळांतील साठ जणांस एक प्रश्न घालण्यांत आला. हजारांत एकास असणारा रोग आहे; निरोगी माणसांपैकीं शेंकडा पांच जणांसही चाचणी चुकून रोगी ठरविते; तर चाचणींत रोगी ठरलेल्या मनुष्यास तो रोग खरोखर असण्याचा संभव किती? सर्वांत अधिक लोकांचें उत्तर आलें, शेंकडा ९५. खरें उत्तर आहे शेंकडा सुमारें २, आणि तें साठांपैकीं अवघ्या अकरा जणांनीं दिलें. हजार माणसें डोळ्यांपुढें आणा म्हणजे उलगडा होतो : खरा रोगी एक, खोटे ठरलेले सुमारें पन्नास, तेव्हां एक्कावन्नांत एक.

डॅनिएल कानमन व एमॉस ट्व्हर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९७४ च्या सुमारास असले दोष पद्धतशीरपणें दाखवून दिले, आणि मन गणिताप्रमाणें चालत नाहीं हा पक्ष बळावला. परंतु १९९५ सालीं गेर्ड गिगेरेन्झर व उलरिख हॉफ्राग ह्यांनीं एक गोष्ट पुढें आणली. तेच प्रश्न शेंकडेवारीऐवजीं 'हजारांत इतके, त्यांपैकीं इतके' अशा मोजणीच्या भाषेंत विचारले असतां बरोबर उत्तरें देणारांची संख्या पुष्कळच वाढते. २०१४ सालीं ग्वाटेमालांतील शाळेचें तोंड न पाहिलेल्या मायावंशीय प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, रंगीत सोंगट्यांपैकीं कोणती हातीं येण्याचा संभव अधिक, आणि नवी माहिती मिळाल्यावर अंदाज कसा बदलावा, हें त्या निरक्षर लोकांनाही शिकलेल्या इटालियन लोकांच्या तोडीनें कळतें. म्हणजे तारतम्य उपजत आहे. शेंकडेवारी उपजत नाहीं. एवढी सामग्री हातीं घेऊन आतां आपण आपल्या प्रदेशांत येऊं.

३

पहिला दाखला चंद्रपूरचा. ताडोबा हें १९५५ सालचें राष्ट्रीय उद्यान. १९९५ सालीं अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्रप्रकल्प झाला. ह्या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसास वाघाचा माग काढतां येतो, ह्यांत शंका नाहीं. ठशाच्या कडा ढासळल्या आहेत कीं ताज्या आहेत, ठशावर दंव पडलें आहे कीं दंवावर ठसा पडला आहे, वानरें व सांबरें कोणत्या बाजूस ओरडलीं, ह्यांवरून जनावर केव्हां व कोठें गेलें हें तो सांगतो. हें शुद्ध अनुमान आहे, आणि तें बहुधा बरोबर ठरतें. ह्याचें कारण जंगल त्याला लागलेंच उत्तर देतें. अंदाज चुकला कीं थोड्याच वेळांत कळून येतें. हजार वेळां चुकून व सुधारून ती नजर तयार झालेली असते.

आतां हीच नजर दुसऱ्या कामास लावली असतां काय झालें पाहा. १९६६ सालीं ओडिशांतील वनाधिकारी सरोज राज चौधरी ह्यांनीं पाऊलठशांवरून वाघांची शिरगणती करण्याची पद्धति काढली. काचेवर ठशाची आकृति उतरवावयाची, प्लॅस्टरचा सांचा घ्यावयाचा, आणि ते जुळवून पाहून प्रत्येक वाघ वेगळा ओळखावयाचा. १९७२ च्या देशव्यापी गणनेपासून पुढें तीन दशकें हीच पद्धति सर्वत्र चालली. तींत गृहीत धरलेली गोष्ट अशी कीं, अनुभवी नजर एका वाघाचा ठसा दुसऱ्याच्या ठशापासून निश्चितपणें वेगळा काढूं शकते. परंतु एकाच वाघाचा ठसा चिखलांत वेगळा, धुळींत वेगळा आणि ओल्या वाळूंत वेगळा उमटतो. डॉ. उल्हास कारंत ह्यांनीं ओळखीच्या वाघांचे ठसे जाणकारांपुढें ठेवून ह्या समजुतीची परीक्षा घेतली, तेव्हां ती टिकली नाहीं. माग काढतांना जंगल उत्तर देत असे. ठसे जुळवितांना मात्र 'तुझें चुकलें' असें सांगणारें कोणीच नव्हतें. म्हणून तीस वर्षांचा अनुभव तीस वर्षांची चूक सुधारूं शकला नाहीं.

२००४-०५ मध्यें राजस्थानांतील सरिस्का येथें वाघ एकही उरलेला नाहीं असें उघडकीस आलें आणि सरकारला जाग आली. २००६ च्या गणनेपासून स्वयंचलित कॅमेरे व संभाव्यतेचें गणित ह्यांचा अवलंब झाला. वाघाच्या अंगावरील पट्टे हे प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि ते चिखलावर अवलंबून नसतात. समजा, पहिल्या फेरींत वीस वाघांचीं छायाचित्रें मिळालीं. दुसऱ्या फेरींतही वीसच मिळालीं, परंतु त्यांपैकीं दहा पूर्वींचेच निघाले. तर पहिल्या फेरींत आपण एकंदर वाघांपैकीं निम्मेच पाहिले होते असें ठरतें, आणि एकंदर संख्या चाळिसांच्या आसपास येते. देशांतील वाघांचा आंकडा २००१-०२ च्या गणनेंत ३,६४२ होता. तो नव्या पद्धतीनें १,४११ निघाला. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून इतके वाघ मेले असें म्हणणें मात्र चुकीचें होईल, कारण मोजण्याची रीतच बदलली होती. खोट्या निश्चयाच्या जागीं प्रामाणिक संशय आला, आणि संशय किती तेंही सांगतां येऊं लागलें, हा खरा लाभ.

४

दुसरा दाखला गडचिरोलीचा, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झालेला हा जिल्हा. येथें १९८६ पासून डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनीं 'सर्च' ही संस्था स्थापून लोकांच्या आरोग्याचें संशोधन आरंभिलें. लहान मुलांचे मृत्यु कां होतात हें पाहतां न्यूमोनिया हें एक मोठें कारण आढळलें. विदर्भांतील आयाबायांना हा आजार अनोळखी नव्हता. बाळाला 'डब्बा' झाला असें त्या म्हणत. परंतु साधा खोकला व मारक न्यूमोनिया ह्यांतला भेद वेळेवर कळत नसे. शहरांतला डॉक्टर छातीचें क्ष-किरण चित्र काढून जें ठरवितो तें जंगलांतल्या गांवीं कोणीं व कसें ठरवावें?

ह्याचें उत्तर पापुआ न्यू गिनी ह्या दूरच्या बेटावर फ्रँक शॅन व त्याचे सहकारी ह्यांनीं १९८४ सालीं सुचविलें होतें. खोकणाऱ्या मुलाचे एका मिनिटांतील श्वास मोजावे; ते ठराविक संख्येहून अधिक असतील तर न्यूमोनियाचा संभव मोठा. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें दोन महिन्यांच्या आंतील बाळास साठ, एक वर्षापर्यंत पन्नास, व पांच वर्षांपर्यंत चाळीस अशा मर्यादा घातल्या. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाहीं. 'श्वास जलद चालला आहे' हा आईचा वा सुईणीचा ग्रह. 'मिनिटांत चौपन्न' ही मोजणी. भ्यालेल्या आईला प्रत्येक श्वास जलद वाटतो आणि दमलेल्या आईला कोणताच वाटत नाहीं.

परंतु ज्या सुईणींच्या हातून हें काम व्हावयाचें त्यांपैकीं पुष्कळींस पन्नासपर्यंत मोजतां येत नव्हतें व घड्याळ वाचतां येत नव्हतें. तेव्हां बंग पतिपत्नींनीं एक श्वासमापक तयार केला; त्याचें वर्णन १९९२ सालीं प्रसिद्ध झालें आहे. एका पाटीवर एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि तारेंत ओंवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचें. वाळू आधीं संपली तर काळजी नाहीं. बेझचा निबंध, शॅनचीं निरीक्षणें व मर्यादेचा सारा विचार त्या एका लाल मण्यांत साठविला होता. सुईणीला फक्त दहा बोटें व दोन डोळे लागत.

ह्याचें फळ काय मिळालें तें १९९० सालीं 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. ५८ गांवांतील ६,१७६ मुलांच्या बाबतींत गांवचे आरोग्यसेवक, निमवैद्यकीय कर्मचारी व सुईणी ह्यांना न्यूमोनिया ओळखण्याचें व को-ट्रायमोक्साझोल हें औषध देण्याचें शिक्षण दिलें. तुलनेसाठीं ४४ गांवांतील ३,९४७ मुलें घेतलीं. एका वर्षांत न्यूमोनियानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण पहिल्या भागांत हजारीं ८.१ तर दुसऱ्या भागांत १७.५ आढळलें. ह्या सेवकांनीं हाताळलेल्या ६१२ आजारांत मृत्यु पावलीं शेंकडा ०.८, तुलनेच्या भागांत तो आंकडा शेंकडा १३.५ होता. ज्यांना मोजतां येत नाहीं त्यांना निदान काय कळणार, ह्या प्रश्नास ह्याहून अधिक स्पष्ट उत्तर देतां येणार नाहीं.

५

न्यूमोनियापेक्षां कठीण काम पुढेंच होतें. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंत जें मूल दगावतें त्याचा श्वास मोजून भागत नाहीं. नवजात अर्भकास जंतुसंसर्ग झाला असतां ताप येईलच असें नाहीं. उलट तें थंड पडतें. रडणें क्षीण होतें, दूध ओढणें मंदावतें, हातपाय ढिले पडतात. आणि हीं लक्षणें एकेकटीं घेतलीं तर निरोगी बाळांतही थोडीबहुत दिसतात. संभाव्यतेच्या अनुमानाची खरी कसोटी येथें आहे.

१९९५-९६ ह्या वर्षांत ३९ गांवांतील ७६३ नवजात अर्भकांचें त्यांच्या घरीं वेळोवेळीं जाऊन निरीक्षण करण्यांत आलें. नोंदी ठेवणाऱ्या होत्या गांवांतल्याच शिकविलेल्या स्त्रिया. त्यांपैकीं ४० अर्भकें दगावलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंचें कारण जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनिया हें होतें. आतां वाचकांनीं एक साधा हिशेब करावा. ७६३ जन्मांना ३९ गांवांनीं भागिलें म्हणजे गांवामागें वर्षाला सुमारें वीस जन्म. आणि जंतुसंसर्गाचे सुमारें एकवीस मृत्यु ३९ गांवांत विभागले म्हणजे एका गांवास दोन वर्षांत एक. अर्थात् गांवांतली सर्वांत अनुभवी सुईण तीस वर्षांत असे पंधराएक मृत्यु पाहील, आणि तेही दूर दूर विखुरलेले, एकमेकांशीं न जुळणारे, दुःखाच्या व भीतीच्या धुक्यांतून पाहिलेले. सातआठ लक्षणांपैकीं कोणतीं एकत्र आलीं असतां धोका किती, हें प्रमाण एवढ्या तुटपुंज्या अनुभवावरून जगांतल्या कोणत्याही मनास काढतां येणार नाहीं. ती बाई अडाणी आहे म्हणून नव्हे. तिच्या जागीं लाप्लास असता तरी त्याचाही नाइलाजच झाला असता.

जें एका मनास अशक्य तें ३९ गांवांच्या वह्यांनीं केलें. त्या नोंदींवरून सात लक्षणें निवडलीं गेलीं : दूध ओढणें कमी वा बंद होणें, रडणें क्षीण वा बंद होणें, हातपाय ढिले पडणें, उलट्या वा पोट फुगणें, अंग थंड लागणें, श्वास घेतांना छाती फार आंत ओढली जाणें, आणि नाळेचा जंतुसंसर्ग. ह्यांपैकीं कोणतींही दोन एकाच वेळीं दिसलीं कीं धोका समजावयाचा. हा नियम २००५ सालीं प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गानें दगावलेलें एकही मूल ह्या नियमाच्या जाळ्यांतून निसटलें नव्हतें. कोणतें लक्षण किती भारी ह्याचा बारीक हिशेब त्यांत नाहीं. सर्व लक्षणांस सारखाच मान. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज ह्यानें १९७९ मध्येंच दाखविलें होतें कीं, लक्षणांस समान वजन देऊन केलेली नुसती बेरीजही तज्ज्ञाच्या अंतःस्फूर्त निर्णयापेक्षां पुष्कळदां सरस ठरते. सात खुणा आणि दोन बोटें, एवढें स्मरण कोणासही राहूं शकतें.

येथें एक आक्षेप घेतां येण्याजोगा आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ह्या नियमानें शंभर अर्भकांपैकीं सुमारें दहा धोक्यांत आहेत असें ठरतें. त्या दहांपैकीं उपचाराविना दगावणारीं मात्र तिनांहूनही थोडीं कमीच, शेंकडा सत्तावीस. मग उरलेल्या सातांस सुया टोंचावयाच्या त्या कां? हार्व्हर्डच्या कोड्यांतील डॉक्टर येथें गोंधळले असते. परंतु आपणांस आतां प्रमाण ठाऊक आहे, आणि प्रमाण ठाऊक असल्यामुळेंच पुढचा विचार मोकळेपणें करतां येतो. त्या सातांपैकीं कित्येकांस आजार असेलही, तीं केवळ त्यांतून वांचलीं असतीं. एका पारड्यांत सात बाळांना झालेला सुईचा त्रास. दुसऱ्या पारड्यांत तीन बाळांचे प्राण. संभाव्यता आपणांस किती तें सांगते. काय करावें हें सांगत नाहीं. तें ठरविण्यास दोन्ही पारड्यांतील वस्तूंची किंमत कळावी लागते, आणि ती किंमत कोणत्याही आईस गणितावांचून कळते.

गांवच्या स्त्रियांनीं ह्या रोगावर घरीं जाऊन औषध व इंजेक्शन देण्याचा प्रयोग १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांत पूर्वीं मृत्यूचें प्रमाण शेंकडा १६.६ होतें; तें २.८ वर आलें. नवजात मृत्यूंचें एकंदर प्रमाण हजारीं ६२ वरून तिसऱ्या वर्षीं २५.५ झालें. २०११ पासून घरपोंच नवजात बालसेवा हें काम भारतभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोंपविण्यांत आलें आहे.

६

ह्या दोन दाखल्यांवरून मूळ प्रश्नाचें उत्तर काय द्यावें? मन संभाव्यतेनें अनुमान करतें काय? आमच्या मतें दोन्ही पक्षांत अर्धेंअर्धें सत्य आहे. तारतम्याची शक्ति मनास उपजत आहे. माया लोकांत ती आहे, ताडोब्याच्या मागकाढ्यांत आहे, गडचिरोलीच्या सुईणींत आहे. परंतु तारतम्य प्रमाणांवर चालतें, आणि प्रमाणें उपजत नसतात. जेथें जग लगेच व वारंवार उत्तर देतें तेथें मन तीं प्रमाणें आपोआप शिकतें. जेथें उत्तर उशिरां येतें, क्वचित् येतें किंवा येतच नाहीं, तेथें मन शिकत नाहीं. आणि वाईट हें कीं, शिकलों नाहीं हेंही त्याला कळत नाहीं. ठसे जुळविणाऱ्या जाणकाराचा आत्मविश्वास आणि हार्व्हर्डच्या डॉक्टरांचा शेंकडा ९५ चा जबाब हीं एकाच जातीचीं उदाहरणें होत. विद्येनें ह्या दोषापासून सुटका होत नाहीं, आणि निरक्षरतेमुळें तो वाढत नाहीं.

म्हणून खरें संभाव्य अनुमान हें एकट्या मनाचें काम नव्हे, तें पुष्कळ मनांनीं मिळून करावयाचें काम आहे, असें आम्हांस वाटतें. पुष्कळांनीं पाहावें, पाहिलेलें निष्ठेनें लिहून ठेवावें, त्यांतून प्रमाण काढावें, आणि तें प्रमाण पुन्हां एकट्या मनाला पेलेल अशा रूपांत त्याच्या हातीं द्यावें. शास्त्रज्ञ बहुधा पहिलीं तीन कामें करून थांबतात. गडचिरोलींत चौथेंही झालें, हें ह्या इतिहासाचें वैशिष्ट्य. सामान्य लोकांस शास्त्र कळत नाहीं अशी तक्रार आपण सुशिक्षित लोक वरचेवर करतों. त्या तक्रारीपूर्वीं आपण त्यांच्या हातीं काय दिलें, शेंकडेवारी दिली कीं मणी दिले, हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा. आपल्या घरांतही डॉक्टराचा चाचणीचा कागद आला म्हणजे नुसतें 'आहे' कीं 'नाहीं' एवढें पाहून न थांबतां, 'असा कागद शंभर जणांचा आला तर त्यांपैकीं खरोखर आजारी किती?' असें विचारण्याची संवय लागली, तर ती कांहीं थोडी प्राप्ति नव्हे.